विश्लेषण : २४ अंडी, एक ट्रे, २५ मिनिटे... पंगतीसाठी ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ ओव्हनमध्ये कशी करतात?

घरात बारा-पंधरा माणसे मुक्कामाला आली की सकाळच्या नाश्त्याला अंडी करणे सर्वांत सोपे वाटते. प्रत्यक्षात तोच बेत सर्वाधिक फसतो. दुसरी खेप तव्यावर पडेपर्यंत पहिली गार होते, घाईत आच वाढवली की अंडी रबरासारखी होतात आणि करणारी व्यक्ती शेवटपर्यंत गॅसपाशी अडकून पडते. बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे घरातली बाई असते. यावर अमेरिकी स्वयंपाकघरांत एक साधा तोडगा रूढ आहे. सगळी अंडी एकदम फेटायची, ट्रेमध्ये ओतायची आणि ओव्हनमध्ये ठेवायची. मग ती मऊ, फुगीर का होतात, कधी हिरवट का पडतात आणि मोठ्या प्रमाणात अंडी करताना कोणती काळजी घ्यायला हवी, याविषयी...

ही पद्धत कुठली?

अमेरिकी घरांत शेगडी आणि ओव्हन ही बहुधा एकच वस्तू असते. वर चार बर्नर, खाली मोठा ओव्हन. शिवाय १३ बाय ९ इंचांचा खोलगट ट्रे तिथल्या घरोघरी असतो. केक, लझानिया, भाज्या-मांसाचे भाजलेले थर असे सगळे त्यात होते. नाताळची सकाळ, ईस्टर, कुटुंबाचे स्नेहसंमेलन किंवा चर्चमधील सामुदायिक न्याहारी अशा प्रसंगी वीस-पंचवीस जणांसाठी अंडी करायची वेळ आली की हाच ट्रे हाताशी येतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरातही हा ओव्हन आपसूक असतोच.

अंडी मंद आचेवर शिजवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. फ्रेंच स्वयंपाकात भरपूर लोणी घालून, अगदी मंद उष्णतेवर किंवा गरम पाण्यावर भांडे ठेवून, सतत ढवळत अंडी दाट मलईसारखी करतात. त्यासाठी एका माणसाने भांड्यापाशी उभे राहावे लागते. ओव्हनच्या पद्धतीत मंद आचेचे तत्त्व तेच राहते, फक्त सततचे ढवळणे वाचते.

तव्यावर अडचण काय होते?

चार अंडी आणि चोवीस अंडी यांत फरक केवळ आकड्याचा नाही. तव्याला उष्णता फक्त तळातून मिळते. पातळ थर असेल तर ती लगेच सगळीकडे पोहोचते. चोवीस अंडी एका मोठ्या कढईत ओतली तर तळाचा थर मिनिटाभरात घट्ट होतो आणि वर सगळे पातळच राहते. तळ करपू नये म्हणून सारखे ढवळावे लागते आणि सारखे ढवळल्याने घट्ट झालेल्या मऊ थरांचे बारीक तुकडे होतात. शेवटी हाती येतो तो भुगा. त्यातला काही चिवट, काही ओलसर.

खेपा करून पाहिले तरी हिशेब फारसा सुटत नाही. एका वेळी चार अंडी धरली तर चोवीस अंड्यांच्या सहा खेपा होतात. एका खेपेला चार मिनिटे लागली तरी सलग २४ मिनिटे उभे राहावे लागते. ओव्हनलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. पण त्यात हात गुंततात ते जेमतेम तीन-चार मिनिटे, आणि सगळ्यांची ताटे एकदम वाढता येतात.

अंडे ‘शिजते’ म्हणजे नेमके काय होते?

अंड्याच्या आतल्या ऐवजात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः प्रथिने आणि स्निग्धांश. कच्च्या अंड्यात ही प्रथिने गुंडाळलेल्या धाग्यांसारखी सुटी तरंगत असतात. उष्णता मिळाली की गुंडाळ्या उलगडतात, धागे एकमेकांत गुंततात आणि त्यांचे जाळे तयार होते. या जाळ्यात पाणी अडकून राहते. मऊ, ओलसर अंडे म्हणजे पाणी धरून ठेवलेले हे सैल जाळे.

पांढरा भाग साधारण ६३ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो. बलक ६५ अंशांच्या आसपास दाट होतो आणि ७० अंशांना घट्ट बसतो. दोन्ही एकत्र फेटले तर मिश्रण ७३ अंशांच्या जवळपास आवळते. त्यात दूध घातले की प्रथिने विरळ होतात आणि हा आकडा आणखी थोडा वर सरकतो.

तापमान त्यापुढे वाढत गेले की जाळे घट्ट आवळत जाते आणि आतले पाणी पिळून बाहेर काढते. दह्यावर निवळी सुटावी तसे ट्रेमध्ये पिवळसर पाणी साचते आणि वरची अंडी कोरडी, दडस होतात. म्हणजे मऊ अंडे आणि रबरी अंडे यांच्यात जेमतेम दहा-पंधरा अंशांचे अंतर असते. तापमान जितके हळू वाढेल तितका हा टप्पा नेमका पकडणे सोपे जाते.

मग ओव्हनमध्ये वेगळे काय घडते?

ओव्हनचा काटा १७५ अंशांवर असला तरी अंडी १७५ अंशांना पोहोचत नाहीत. त्यांत भरपूर पाणी असल्याने ती १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाहीत आणि वेळेवर बाहेर काढली तर ७५ ते ८० अंशांच्या आसपासच राहतात. शिवाय हवा उष्णता फार सावकाश देते. तापलेल्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घालता येतो, तितक्याच तापलेल्या तव्याला मात्र बोट लावता येत नाही, ते याचमुळे.

ही सावकाश उष्णता वरून, खालून आणि बाजूंनी एकदम मिळते. त्यामुळे तळ करपण्याची भीती कमी होते आणि ढवळणे दोन-तीन वेळांवर येते. थर फार मोडले जात नाहीत. मोठ्या, मऊ घड्या तयार होतात. फेटताना शिरलेली हवा आणि आतल्या पाण्याची वाफ त्या घड्यांत अडकते आणि अंडी फुगीर दिसतात. दुधातला आणि लोण्यातला स्निग्धांश प्रथिनांच्या धाग्यांमध्ये येतो व जाळे फार घट्ट होऊ देत नाही.

प्रमाण किती घ्यावे?

नाश्त्याला अंडी हाच मुख्य पदार्थ असेल तर माणशी दोन अंडी धरावीत. सोबत पोहे, उपमा किंवा इतर काही असेल तर २४ अंडी १५-१६ जणांना पुरतात. बारा जणांसाठीचे प्रमाण असे :

– अंडी २४
– दूध ३६० मिलिलिटर, म्हणजे प्रत्येक अंड्याला एक मोठा चमचा (१५ मिलिलिटर)
– लोणी किंवा बटर ९० ग्रॅम
– मीठ २ छोटे सपाट चमचे. बाजारातले नेहमीचे खारे बटर वापरल्यास दीड चमचा
– मिरपूड चवीपुरती
– लिंबाचा रस १ छोटा चमचा (ऐच्छिक, कारण पुढे)

यापेक्षा जास्त दूध घालून अंडी ‘वाढवण्याचा’ मोह टाळावा. दूध वाढले की जाळ्याला पाणी धरवत नाही आणि ट्रेमध्ये तळे साचते. सायीचे दूध चालते. दुधाऐवजी तेवढेच पाणी घातले तरी अंडी फुगतात, मात्र चव थोडी कमी पडते.

मिश्रणाची जाडी हा यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. मध्यम अंड्यात टरफल वगळता साधारण ५० ग्रॅम ऐवज असतो. २४ अंडी, दूध आणि लोणी मिळून सुमारे १.६ लिटर मिश्रण होते. १३ बाय ९ इंचांच्या ट्रेमध्ये (साधारण ३३ बाय २३ सेंटिमीटर) त्याचा थर दोन सेंटिमीटरच्या आसपास बसतो. हीच योग्य जाडी. थर चार सेंटिमीटरचा केला तर मधला भाग शिजेपर्यंत कडा वाळतात. अंडी वाढली तर ट्रे वाढवावेत, थर नव्हे.

कृती मिनिटांच्या हिशेबाने

सुरुवातीला : ओव्हन १७५ अंशांवर तापत ठेवावा. घरगुती ओव्हनला याला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. तोवर एकेक अंडे आधी वाटीत फोडून मग मोठ्या पातेल्यात घालावे. चोवीसावे अंडे खराब निघाले तर आधीची तेवीस वाया जाऊ नयेत, यासाठी ही वाटी.

फेटताना : मीठ याच टप्प्यावर घालावे. मीठ घालून मिश्रण दहा-पंधरा मिनिटे ठेवले तर अंडी अधिक ओलसर राहतात. पांढऱ्या भागाच्या तारा दिसेनाशा होईपर्यंत फेटावे. केकसारखा फेस काढण्याची गरज नाही. फार फेस झाला तर तो वर तरंगतो आणि वाळून पापुद्रा धरतो. दूध, मिरपूड आणि लिंबाचा रस शेवटी घालून एकजीव करावे.

ट्रे तयार करताना : धातूच्या ट्रेमध्ये लोणी घालून तो तीन-चार मिनिटे ओव्हनमध्ये ठेवावा. लोणी वितळले की ट्रे फिरवून तळाला आणि कडांना लावून घ्यावे. त्याचा रंग बदलू देऊ नये. लगेच अंड्यांचे मिश्रण ओतावे आणि ट्रे मधल्या खणात ठेवावा.

पहिली दहा मिनिटे : ओव्हन उघडू नये. दहा मिनिटांनी कडा घट्ट झालेल्या आणि मध्य पातळ असा ट्रे दिसेल. रुंद, सपाट चमच्याने कडांचा घट्ट भाग मध्याकडे लोटावा. तळ खरवडून घ्यावा, पण घोटू नये.

पंधराव्या मिनिटाला : पुन्हा तसेच. आता अर्ध्याहून अधिक मिश्रणाच्या घड्या झालेल्या असतील. किसलेले चीज किंवा कोथिंबीर घालायची असेल तर ती इथे.

विसाव्या मिनिटानंतर : दर दोन मिनिटांनी पाहावे. अंडी चकचकीत आणि ओलसर दिसत असतानाच, पण वाहते कच्चे मिश्रण कुठेही उरले नसताना ट्रे बाहेर काढावा. ट्रे तापलेला असल्याने पुढची तीन-चार मिनिटे अंडी आतल्या आत शिजतच राहतात. ओव्हनमध्ये ‘अगदी बरोबर झाली’ असे वाटलेली अंडी ताटात कोरडी लागतात, ते यामुळेच.

अन्नाचे तापमान मोजणारा सुईसारखा डिजिटल थर्मामीटर जवळ असेल तर अंदाज लावावा लागत नाही. ट्रेच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस दिसले की काम झाले.

घरच्या ‘ओटीजी’मध्ये हे जमेल का?

जमेल, पण ट्रेचे माप आधी पाहावे. आपल्याकडच्या अनेक लहान ओटीजींमध्ये १३ बाय ९ इंचांचा ट्रे मावत नाही. अशा वेळी २० सेंटिमीटरचा चौकोनी केकचा डबा घ्यावा आणि प्रमाण निम्मे करावे. १२ अंडी, १८० मिलिलिटर दूध, ४५ ग्रॅम लोणी. थराची जाडी पुन्हा तीच, दोन सेंटिमीटर येते. वेळही जवळपास तेवढाच लागतो. पहिल्यांदा करताना पंधराव्या मिनिटापासूनच लक्ष ठेवावे.

ओटीजीची वरची आणि खालची अशा दोन्ही दांड्या चालू ठेवाव्यात. वरची दांडी ट्रेच्या फार जवळ असेल तर पृष्ठभाग तपकिरी पडतो. तेव्हा पहिली दहा मिनिटे ट्रेवर अॅल्युमिनियमची फॉइल सैलसर झाकावी. फॉइल दांडीला टेकणार नाही, हे पाहावे. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये करायचे असेल तर ‘कन्व्हेक्शन’ मोडच वापरावा. साध्या मायक्रोवेव्ह मोडमध्ये धातूचा ट्रे चालत नाही आणि अंडीही एकसारखी शिजत नाहीत.

काचेचे भांडे वापरताना एक पथ्य आवश्यक आहे. तापलेल्या काचेत गार मिश्रण ओतू नये. भांडे तडकू शकते. काच असेल तर लोणी वेगळे वितळवून गार भांड्याला लावावे. काच उशिरा तापते आणि उशिरा निवते, म्हणून त्यातली अंडी किंचित आधी बाहेर काढावीत.

विजेचा हिशेब मामुली आहे. १,५०० वॉटचा ओटीजी ४० मिनिटे सलग चालला तर एक युनिट जळते. ठरलेले तापमान गाठल्यावर दांड्या बंद-चालू होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच लागते.

अंडी हिरवट का पडतात?

हॉटेलातील बुफेमध्ये झाकणाखाली तासभर ठेवलेली अंडी कधी कधी राखाडी-हिरवी दिसतात. पांढऱ्या भागातील प्रथिनांत गंधक असते. अंडे जास्त वेळ गरम राहिले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. बलकात लोह असते. दोहोंचा संयोग होऊन आयर्न सल्फाइड तयार होते आणि हिरवट झाक येते. फार वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती दिसणारे कडे हेच. ते खाण्यास अपायकारक नाही, पण समोरचे ताट मात्र दूर सारले जाते.

अंडे जितके जुने तितका त्याचा पांढरा भाग अल्कधर्मी होत जातो आणि हिरवेपणा लवकर येतो. म्हणून अंडी शक्यतो ताजी घ्यावीत. पाण्यात टाकल्यावर तळाशी आडवे राहणारे अंडे ताजे असते. तरंगणारे जुने, कारण दिवसागणिक त्यातील हवेची पोकळी वाढत जाते. लिंबाच्या रसाचा चमचा इथे उपयोगी पडतो. थोड्याशा आम्लामुळे ही प्रक्रिया मंदावते. दीड लिटर मिश्रणात एका चमच्याने दूध फाटत नाही आणि आंबटपणाही जाणवत नाही. लोखंडी भांड्यात अंडी फार वेळ ठेवली तरी रंग बदलतो. त्यामुळे ओव्हनसाठी बिडाचे किंवा लोखंडी भांडे टाळलेले बरे.

पाणी सुटू नये म्हणून काय करता येईल?

पहिले कारण जास्त शिजणे, दुसरे कारण भाज्या. कच्चा टोमॅटो, पालक, मशरूम किंवा सिमला मिरची थेट ट्रेमध्ये घातली की त्यांचे पाणी अंड्यांत उतरते. भाज्या आधी परतून, पाणी पूर्ण आटवून, गार करून घालाव्यात.

अंडी वाढायला उशीर होणार हे माहीत असेल तर २४ अंड्यांसाठी दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून मिश्रणात घालावे. पिष्टाचे कण प्रथिनांच्या धाग्यांना फार घट्ट आवळू देत नाहीत आणि पाणीही धरून ठेवतात. प्रमाण याहून वाढवले तर अंड्यांना पिठूळ चव येते.

भुर्जीची चव मिळेल का?

तशीच मिळणार नाही. गाडीवरच्या भुर्जीची चव तापलेल्या लोखंडी तव्यातून येते. तिथे कांदा कडेने लाल होतो, अंड्याचा थोडा भाग तव्याला लागून खरपूस होतो आणि मोठ्या आचेवर पाणी उडून जाते. ट्रेमधली अंडी १०० अंशांच्या आतच राहत असल्याने हा खरपूसपणा त्यांना येत नाही. ओव्हनमधली अंडी मुंबईतल्या पारशी घरांतील मऊ, ओलसर आकुरीला अधिक जवळची.

त्यामुळे मसाला वेगळा करणे हा उत्तम मार्ग. बारीक कांदा, हिरवी मिरची, आले आणि टोमॅटो तेलावर परतून, हळद-तिखट घालून, तेल सुटेपर्यंत आटवावे. तो पंधराव्या मिनिटाच्या ढवळणीत मिसळावा किंवा वाटीत वेगळा वाढावा. वेगळा ठेवला तर लहान मुलांना आणि तिखट न चालणाऱ्यांना साधी अंडी मिळतात.

खरा धोका कुठे असतो?

मोठ्या प्रमाणात अंडी करताना चवीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा असतो. साल्मोनेला हा जिवाणू टरफलावर असू शकतो, तसाच क्वचित अंड्याच्या आतही. अशा एका अंड्याचे ऑम्लेट केले तर धोका एका माणसापुरता राहतो. तेच अंडे इतर २३ अंड्यांसोबत फेटले तर जिवाणू सगळ्या पातेल्यात पसरतात. जुलाब, ताप, पोटात कळा ही लक्षणे खाल्ल्यानंतर काही तासांपासून काही दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. पाच वर्षांखालील मुले, वयोवृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा त्रास अधिक होतो. घरच्या समारंभात नेमकी हीच माणसे पंगतीला असतात.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या सल्ल्यानुसार अंड्यांचे पदार्थ ७१ अंश सेल्सिअसपर्यंत (१६० अंश फॅरनहाइट) शिजायला हवेत. मऊ अंडीही या तापमानाला पोहोचलेली असू शकतात. मऊपणा आणि सुरक्षितता यांपैकी एकच निवडावे लागते, असे मुळीच नाही.

परदेशी व्हिडीओंमध्ये अर्धवट पातळ अंडी आवडीने खाताना दाखवतात. त्यामागची पार्श्वभूमी वेगळी असते. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९८८ मध्ये आरोग्य खात्याच्या तत्कालीन कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतांश अंडी उत्पादनात साल्मोनेला असल्याचे विधान केले. अंड्यांची विक्री कोसळली आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे १९९८ पासून तिथे ‘लायन’ शिक्क्याच्या योजनेत कोंबड्यांचे लसीकरण सुरू झाले. सुमारे दोन दशकांनी, २०१७ मध्ये, तेथील अन्न नियामकाने या शिक्क्याची अंडी गर्भवती व वृद्धांनीही पातळ खाल्ली तरी चालतील, असा सल्ला दिला. कोपऱ्यावरच्या दुकानात उघड्यावर ठेवलेल्या, कोणताही शिक्का नसलेल्या अंड्यांना हा सल्ला लागू होत नाही.

किती वेळ ठेवता येतात?

५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो. अनुकूल परिस्थितीत त्यांची संख्या अवघ्या २० मिनिटांत दुप्पट होऊ शकते. या वेगाने दोन तासांत ६४ पट आणि चार तासांत चार हजार पटींहून अधिक वाढ होते. म्हणूनच शिजवलेली अंडी खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, असा नियम आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते. नागपूर, अकोल्यात एप्रिल-मेमध्ये, आणि राज्याच्या बऱ्याच भागांत वर्षातील कित्येक दिवस, हा एका तासाचाच नियम पाळावा लागेल.

त्यासाठी काही साधी पथ्ये पुरेशी आहेत :

– तडा गेलेली किंवा विष्ठा लागलेली अंडी बाजूला काढावीत.
– अंडी फोडल्यावर हात, वाटी आणि ओटा साबणाने धुवावा.
– मिश्रण आदल्या रात्री करायचे असेल तर फेटून, झाकून थेट फ्रिजमध्ये ठेवावे. ओट्यावर ठेवू नये. गार मिश्रणाला ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटे जास्त लागतात.
– कच्चे मिश्रण ढवळलेला चमचा वाढायला वापरू नये.
– थोडा वेळ गरम ठेवायची असतील तर ट्रे झाकून, ओव्हन बंद करून, आतच दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. मात्र त्यासाठी तो दोन मिनिटे आधी शिजवणे थांबवून, दार उघडून ओव्हनची उष्णता थोडी कमी करून घ्यावी.
– नव्याने आलेल्यांसाठी ताज्या खेपेत जुनी उरलेली अंडी मिसळू नयेत.

अंडी न खाणारे पाहुणे असतील तर आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी. ट्रे, चमचा आणि वाढायची जागा वेगळी असावी आणि त्यांच्यासाठीचे पदार्थ ओव्हनमधून अंड्यांच्या आधी काढून घ्यावेत. अंड्यांचा वास ओव्हनमध्ये काही काळ राहतो. नंतर आत वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून दहा मिनिटे ओव्हन चालवला की तो बराच कमी होतो.

पन्नास जणांसाठी काय करावे?

माणशी दोन या हिशेबाने १०० अंडी, म्हणजे बाजारात मिळणारे ३० अंड्यांचे तीन ट्रे आणि वर दहा. हे सगळे एकदम शिजवण्याचा प्रयत्न घरगुती ओव्हनमध्ये करू नये. दोन खणांत दोन ट्रे ठेवता येत असतील तर प्रत्येक ढवळणीच्या वेळी वरचा खाली आणि खालचा वर करावा. त्याहून चांगले म्हणजे पंगतीच टप्प्याटप्प्याने बसवणे. फेटलेले मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून दर अर्ध्या तासाला एक ताजा ट्रे काढला तर शंभरावे अंडेही पहिल्याइतकेच मऊ निघते आणि काहीही तासभर उघडे राहत नाही.

चार-पाच माणसांसाठी मात्र ओव्हन तापवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. तिथे तवाच बरा. ही पद्धत कामाची ठरते ती साधारण दहा माणसांच्या पुढे. एकदा ट्रे आत गेला की घड्याळ काम करते आणि हात मोकळे होतात. त्या वेळात पाव भाजावेत, चहा टाकावा, ताटे मांडावीत आणि पंधराव्या मिनिटाच्या ढवळणीनंतर सगळ्यांना बसायला सांगावे. ट्रे टेबलावर येईल तेव्हा अंडी करणाऱ्या व्यक्तीचे ताटही त्याच पंगतीत मांडलेले असावे.